कवाडची दुसरी किल्ली

लातूर, ११ जुलै २००४

आदरणीय सर,

आतून माणूस हाक मारतोय आणि बाहेरच्याजवळ किल्ली नाही, तर ते कुलूप कोणाचं रक्षण करतं? मार्चमध्ये हैदराबादला निघताना बसच्या खिडकीतून तुम्ही मला हे विचारलं होतं. मी फक्त एवढंच म्हटलं होतं, की आपल्या ‘कवाड’ सॉफ्टवेअरमधल्या, फाइली कुलूपबंद करणाऱ्या भागाचा कोड तुम्ही मला का दाखवत नाही. त्यावर तुमचा हा प्रश्न आला आणि बस निघाली. त्याचं उत्तर मला तेव्हा आलं नाही आणि आजही येत नाही. हे मान्य करूनच पत्र सुरू करते. फोनवर तुम्ही “बघू” म्हणून ठेवून देता, म्हणून लिहायचं ठरवलं.

तुमच्या थोडंफार कानावर आलं असेल, तरी क्रमाने लिहिते. तक्रार आली की आधी काय झालं ते क्रमाने लिही, अंदाज नंतर, हे तुम्हीच शिकवलंत.

अवधूत सरांच्या क्लासची रविवारची परीक्षा लातूर आणि नांदेडला एकाच वेळी असते. पेपर इथे त्यांच्या ऑफिसातली मुग्धा टाइप करते, कवाडमध्ये कुलूपबंद करते आणि सीडी शुक्रवारच्या एसटीने नांदेडच्या शाखेत जाते. पासवर्ड रविवारी सकाळी फोनवर सांगतात. गेल्या आठवड्यात रसायनशास्त्राचा पेपर नांदेडमधल्या दुसऱ्याच एका क्लासने शनिवारी मुलांना ‘संभाव्य प्रश्न’ म्हणून वाटला. प्रश्न तेच, क्रम तोच. मुग्धाकडून एका प्रश्नात ‘पुढीलपैकी’ दोनदा टाइप झालं होतं, तेही तसंच.

अवधूत सर आपल्या ऑफिसात आले. बसलेसुद्धा नाहीत.

“पुनम, तुमचं कवाड फुटलं का?”

मी सीडी तपासली. कुलूप तोडल्याची काही खूण नव्हती. तसं सांगितलं.

“मग पासवर्ड दोघांनाच ठाऊक. मला आणि मुग्धाला. मी काही माझाच पेपर विकणार नाही.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुग्धाला काढून टाकलं. मी जे सांगितलं ते खरं होतं, पण त्याच्याच आधारावर तिला काढलं गेलं. तिचे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले आहेत, त्यांच्या हाताखालून अर्धं लातूर गेलं असेल. या शहरात दर घरात एक मूल क्लासला आहे. इथे ‘पेपर विकणारी’ म्हटलं की काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको.

मुग्धाला मी कॉलेजपासून ओळखते. ती असं करणार नाही, पण हा पुरावा नाही, हेही मला कळतं. म्हणून एवढंच विचारते. पासवर्ड माहीत नसताना आणि कुलूप न तोडता कवाड उघडायचा आणखी काही मार्ग आहे का? हो किंवा नाही, एवढंच कळवा.

आपली,
पुनम


लातूर, २९ जुलै २००४

आदरणीय सर,

उत्तर आलं नाही. कवाड विकत घेऊ पाहणाऱ्या हैदराबादच्या कंपनीची तपासणी चालू आहे, तुम्हाला उसंत नसेल, असं समजून मी स्वतःच नांदेडला गेले. आमचं गाव मुदखेडजवळ, त्यामुळे आईला भेटायला जाते म्हणून रजा घेतली. आईलाही भेटले.

स्टेशन रोडवर व्यंकटराव दुकानातच होते. नांदेडला कवाड पहिल्यांदा विकलं ते त्यांनी, म्हणून तुम्ही त्यांना नेहमी मान देता, हे मी लक्षात ठेवून बोलले.

“या या, लातूरवाल्या ताई. साहेब तर आता हैदराबादी झाले. लिंगायताचं लेकरू बिर्याणी तर खाऊन नाही राहिलं ना तिकडं?”

मी हसले आणि विचारलं, इथे कोणी पासवर्ड विसरलं तर तुम्ही काय करता.

“पहिले साहेबाला फोन लावत होतो. आता कशाला? मलाच माहीत हाय ना तो शब्द.”

“कोणता शब्द?”

“सगळी कुलपं उघडायचा. दोन सालापहिले इथल्या एका क्लासचं कुलूप अडकून बसलं. निकालाचा दिवस, मायबाप दारात उभे. तवा साहेबानं फोनवर सांगितला. तुम्हाला न्हाई माहीत? घ्या लिहून.” आणि दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी असताना त्यांनी तो मोठ्याने, एकेक अक्षर सुटं करून सांगितला.

“व्यंकटराव, हळू बोला.”

“हळू कशाला? चोरीचा माल हाय का? बिलोलीवाल्याचं अडू दे, देगलूरवाल्याचं अडू दे, सांगून देतो. साहेबाला खामखा कशाला तरास?”

“त्याचे पैसे घेता?”

ते खरंच दुखावले. “अडलेल्या माणसाकडून? ताई, काय बोलून राहिलात?”

सर, त्यांच्या मनात काहीच वाईट नव्हतं. अवधूत सरांच्या नांदेडच्या शाखेला त्यांनी तो शब्द सांगितलाय आणि ज्या क्लासने पेपर वाटला त्यांनाही कधीतरी सांगितलाय. सीडी शुक्रवारपासून रविवारपर्यंत शाखेच्या टेबलावर पडून असते. ती कोणी उचलली, याचा शोध मला लागला नाही. पण तो शब्द माहीत असलेल्या कोणालाही ती उघडता आली असती.

परत आल्यावर मी तो शब्द आपल्या ऑफिसातल्या एका कुलूपबंद फाइलवर टाकला. उघडली. मुग्धाने बंद केलेली एक जुनी सीडी होती, तीही उघडली. उदगीरच्या दवाखान्याच्या आणि औशाच्या पतसंस्थेच्या फाइली आपल्याकडे राखून ठेवलेल्या आहेत. त्यांना मी हात लावला नाही. उघडणार हे कळलंच होतं.

मला वाटायचं, प्रत्येक गिऱ्हाइकाची निराळी किल्ली तुमच्याजवळ असते. गावाला जाताना आपण शेजारी ठेवतो तशी. गिऱ्हाइकांनाही तसंच वाटतं, म्हणून तर ते विसरले की हसत हसत तुम्हाला फोन करतात. सगळ्यांची किल्ली एकच आहे, हे कोणालाच माहीत नाही. हा शब्द मी या पत्रात लिहीत नाही.

आता काय करायचं, ते सांगा. मुग्धा घरी बसून आहे.

आपली,
पुनम


लातूर, १७ ऑगस्ट २००४

आदरणीय सर,

परवा तुम्ही फोन केलात, बरं वाटलं. तुम्ही जे बोललात ते खाली लिहिते, म्हणजे माझा समज चुकला असेल तर दुरुस्त करता येईल.

कवाड विकत घेण्याच्या करारावर दसऱ्याला सह्या होणार. त्याच दिवशी तुम्ही त्या कंपनीचे मुख्य सुरक्षा अधिकारी होणार. तपासणी करणाऱ्यांनी दुसऱ्या किल्लीबद्दल विचारलेलं नाही, म्हणून तुम्ही सांगितलेलं नाही. दिवाळीनंतर नवी आवृत्ती निघेल, तिच्यात ती किल्ली नसेल आणि मग कोणाला काही सांगायचं कारण उरणार नाही. तोपर्यंत मी गप्प राहायचं. मुग्धाला तुम्ही हैदराबादला नोकरी द्याल.

सर, मी तुमच्यावर रागावलेले नाही. किल्ली का ठेवलीत, ते मला कळतं. त्र्याण्णवला भूकंप झाला तेव्हा तुम्ही नांदेडला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतात. गावी पोचलात तेव्हा घराच्या जागी दगड होते आणि दार तेवढं उभं होतं, आतून अडसर लावलेलं. शेजाऱ्यांनी ढकललं, ते हललं नाही. दुपारपर्यंत आतून तुमच्या आईचा आवाज येत होता, असं त्यांनी तुम्हाला सांगितलं. हे तुम्ही मला ऑफिसात एकदाच, स्क्रीनकडे बघत सांगितलं होतं. मग पुनर्वसनाच्या कामात असलेल्या एका संस्थेत तुम्ही कॉम्प्युटरवर बसलात. तिथल्या साहेबाची बदली झाली, पासवर्ड त्यांच्याबरोबर गेला आणि नव्या गावाचे नकाशे अडकून पडले. माणसं पत्र्याच्या शेडमध्ये थांबली. तेव्हा तुम्ही ठरवलंत, की आपण कुलूप केलं तर ते बाहेरून उघडता येईल असंच करायचं.

मग लातूरला कॉलेजच्या फाटकासमोर एक टेबल, एक कॉम्प्युटर. क्लासच्या नोट्सच्या फ्लॉप्या गावोगाव फिरून व्हायरस घेऊन यायच्या आणि तुम्ही त्या साफ करून द्यायचात. तिथून कवाड झालं. मुंबई-पुण्याच्या लोकांनी पेपरात तुमचे फोटो छापले, पण उदगीरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रात्रपाळीच्या गडबडीत पासवर्ड बदलला आणि सकाळी त्यांना आठवेना, तेव्हा तुम्ही एसटीने उभे राहून तिकडे गेलात, हे त्या पेपरात आलं नाही. मी तेव्हा नवीन होते. त्या दिवशी मला वाटलं, नोकरी करावी तर अशा माणसाकडे.

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. बाकी सगळ्या मुलाखतींत मला इंग्रजी बोलून दाखव म्हणाले. तुम्ही एक बिघडलेली फ्लॉपी हातात दिलीत आणि चहा प्यायला निघून गेलात. हे मी विसरणार नाही, म्हणूनच लिहायला जड जातंय.

तुमचा निरोप घेऊन मी मुग्धाकडे गेले.

“हैदराबादला?” ती म्हणाली. “म्हणजे गावातून जायचं. चोरी करून पळाली, असंच म्हणतील.”

“पगार इथल्यापेक्षा चांगला आहे.”

“पुनम, मला नोकरी नकोय गं. सगळे सर टीचर बसलेले असताना मला पर्स टेबलावर उलटी करायला लावली. आतून काय निघालं, तर कंगवा आणि दवाखान्याची चिठ्ठी. ती चिठ्ठीसुद्धा वाचून बघितली त्यांनी. त्याच लोकांसमोर कोणीतरी म्हणावं, की हिनं नाही केलं. मग मी घरी पापड लाटीन.”

पलीकडच्या खोलीत तिच्या वडिलांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

“कोणी केलं, ते तुला कळलंय का?” तिने विचारलं.

मी नाही म्हणाले. ते खरं आहे. पण तिने जे विचारायला हवं होतं ते तिला माहीतच नव्हतं, आणि मी ते सांगितलं नाही. तुमच्या शब्दाखातर एवढं केलं. पुढे जमेल असं वाटत नाही.

आपली,
पुनम


लातूर, १ ऑक्टोबर २००४

आदरणीय सर,

काल तुम्ही गावी याल असं वाटलं होतं. भूकंपाच्या दिवशी, तीस सप्टेंबरला, तुम्ही येता, म्हणून मीही गेले. समोर बसून बोलता येईल, हा माझा स्वार्थ होता. औशाला बस बदलून दुपारी पोचले. स्मारकाजवळ फुलं होती, माणसं पांगली होती.

तुमच्या बसम्मा काकूंच्या घराचं दार बंद होतं. मी हाक मारली तेव्हा आतून कडी सरकल्याचा आवाज आला. मला वाटलं, चुकून दुसऱ्याच घरी आले. पुनर्वसनाच्या त्या वसाहतीत सगळी घरं सारखीच दिसतात. पण दारात काकूच होत्या. माझ्या मागे बघत होत्या.

“आला न्हाई का त्यो?”

“कामात आहेत, काकू.”

“मोठा झाला. मोठ्या मानसाला काम असतंयच. ये आत.”

मी कडीकडे बघत राहिले. मोठी, लोखंडी, नवी. तुमच्या नात्यातल्या माणसाच्या दाराला आतून कडी असेल, हे मला कधी वाटलं नव्हतं. भूकंपानंतर काकू दार नुसतं लोटून झोपतात, असं तुम्हीच सांगायचात.

“काय बघतीस? कडी हाय ती.”

“दुपारचीसुद्धा लावता?”

“एकली बाई हाय मी.”

“पण काकू, पुन्हा भूकंप झाला तर?”

“भूकंप काय रोज येतो व्हय गं? मानसं रोज येत्यात.” आणि स्वतःच हसल्या. “वीरभद्राला, तुज्या सायबाला, सांगू नगंस हां. त्यानं दोन डाव काढून नेली कडी. म्या तिसरी बसवून घेतली. त्यो यायचा असला की काढून डाळीच्या डब्यात ठिवते, गेला की पुन्ना बसवते. आज काढली हुती सकाळी. दुपार झाली, म्हटलं आता येत न्हाई त्यो, लावली.”

“आणि अडकलात आत, तर?”

“तर मरीन की. किती ऱ्हायलंय आता.” मग चहा ठेवायला उठल्या. “त्याची माय त्या दारात गेली, म्हून त्याला समद्याच दारांचं भ्या हाय. त्याला काय बोलावं? लेकरूच हाय ते.”

सांगू नको म्हणाल्या होत्या, तरी सांगते. कळलं तर त्या मला बोलतील. पण तुम्ही काकूंच्या दाराची काळजी काकूंना विचारून केली नाहीत, हे तुम्हाला कोणीतरी सांगायला हवं. गिऱ्हाइकांच्या बाबतीतही आपण तेच केलं. मीही त्यात आहे, कारण हे कळून आता दोन महिने झाले.

पोळ्याला घरी गेले तेव्हा आईबाबांना सगळं सांगितलं. आई म्हणाली, “त्या मानसानं तुला खुर्चीवर बसवलं, अन् तू त्याच्यावरच उलटतीस व्हय? शिकवलं ते याच्यासाठी का?” बाबा बराच वेळ बैलाच्या शिंगाला रंग लावत होते. मग म्हणाले, “त्या पोरीचा बाप मास्तर हाय म्हंतीस? मास्तरला लई लागत असंल.” तेवढंच.

सर, तुम्ही स्वतः सांगितलंत तर लोक समजून घेतील. भूकंप इथे सगळ्यांनी पाहिलाय. किल्ली का ठेवली, हे तुमच्या तोंडून ऐकून कोणी तुम्हाला चोर म्हणणार नाही. करार लांबेल, कदाचित मोडेल. पण ज्याला मुख्य सुरक्षा अधिकारी व्हायचंय त्याने पहिलं काम हेच करावं, असं मला वाटतं. हे वाक्य लहान तोंडी मोठं वाटलं तर वाटू दे.

घटस्थापनेपर्यंत मी थांबते.

आपली,
पुनम


लातूर, १७ ऑक्टोबर २००४

आदरणीय सर,

घटस्थापनेच्या दिवशी फोनवर तुम्ही म्हणालात, “तुला घरची समजून बोललो, पुनम. परकी असतीस तर एवढं बोललो असतो का?” मी म्हणाले, “सर, ज्यांना सांगायला हवं ते सगळे परकेच आहेत.” तुम्ही फोन ठेवलात. परत येईल म्हणून मी बसून राहिले. आला नाही.

शुक्रवारी मी अवधूत सरांना सांगून क्लासच्या स्टाफरूममध्ये गेले. शिकवणारे सगळे बसलेले असावेत, एवढी एकच अट घातली होती. मुग्धाला मीच बरोबर नेलं. ती दाराशी उभी राहिली, खुर्ची घेतली नाही.

मी अवधूत सरांना म्हटलं, तुमची कोणतीही फाइल घ्या, तुमच्या मनातला कोणताही पासवर्ड टाका, मला सांगू नका. त्यांनी माझ्याकडे पाठ करून तो टाकला. मग मी बसले आणि तो शब्द टाकला. फाइल उघडली. त्यांनी दुसरी बंद केली. तीही उघडली.

गणिताचे सर म्हणाले, “म्हणजे आमच्या पगाराची फाइलसुद्धा?”

“हो.”

“अन् ही जाहिरात काय मग, घरापेक्षा भक्कम कवाड?”

कोणीतरी हसलं. मी दुसऱ्या किल्लीचं सगळं सांगितलं. ती कशासाठी ठेवली, ती नांदेडला कशी पोचली, आणि सांगणाऱ्याच्या मनात वाईट नव्हतं, हेही. तुमच्या घरच्या दाराची गोष्ट सांगितली नाही, ती तुमची आहे. एवढंच म्हणाले, की भूकंपात माणसं आत अडकली, म्हणून बाहेरून उघडेल असं कुलूप सरांनी केलं. त्यावर कोणी हसलं नाही.

अवधूत सर म्हणाले, “हे तुम्ही मला जुलैमध्ये सांगितलं नाही.”

“जुलैच्या शेवटी कळलं. त्यानंतर सांगितलं नाही, ते माझं चुकलं.”

ते मुग्धाकडे वळले. “सोमवारपासून ये.”

“आधी ते सांगा, सर,” मुग्धा म्हणाली.

त्यांनी मान खाली घालून सांगितलं, की पेपर हिने फोडला नाही.

“मागच्यांना ऐकू गेलं नाही, सर.”

दुसऱ्यांदा त्यांनी नीट, उभं राहून सांगितलं. मुग्धाने मान हलवली आणि ती बाहेर गेली. सोमवारी येणार की नाही, ते तिने सांगितलं नाही. घरून वडिलांना घेऊन देवळात गेली, एवढं मला नंतर कळलं.

कुलपाचा कोड तुमच्याकडे आहे, त्यामुळे मला तो बदलता येत नाही. लोकांना ते वापरू नका, एवढंच सांगता येतं. म्हणून आपल्या सगळ्या गिऱ्हाइकांसाठी एक मजकूर लिहिला. कवाडचं कुलूप दुसऱ्या एका शब्दाने उघडतं, तो शब्द बऱ्याच जणांना माहीत झाला आहे, महत्त्वाच्या फाइली त्यातून काढून घ्या, अडचण आली तर लातूरच्या ऑफिसात या. खाली माझं नाव.

राजीनामा पाठवत नाही. काढायचं असेल तर तुम्ही काढा, मी वाईट वाटून घेणार नाही. पण आता रोज माणसं येतील, चिडलेली असतील, आणि त्यांच्यासमोर बसायला इथे कोणीतरी हवं.

पाकिटं घेतली नाहीत, पोस्टकार्डंच घेतली. वाटेत कोणी वाचलं तर वाचू दे. पत्ते मुग्धाने लिहिले, तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. हैदराबादच्या कंपनीचंही एक कार्ड त्यात आहे. शनिवारी दुपारी आम्ही दोघींनी ती मुख्य पोस्टात टाकली.

आपली,
पुनम